जाड पाचाचं नाणं खरं की खोटं, कसं ओळखायचं?

आमचं किराणा दुकान सेलूला. निजामाच्या राज्यात आजोबा निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार, दोन्ही रुपये घ्यायचे. ओट्याच्या शहाबादी फरशीवर वाजवल्याशिवाय नाणं गल्ल्यात पडायचं नाही. ती सवय माझ्यापर्यंत आली.

आधी दहाच्या नाण्याचं बोलतो. दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं, ही निव्वळ अफवा आहे. चौदाही नमुने चालतात, हे रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्येच सांगितलंय. भाजी विकून आलेल्या मावशींचं असं नाणं परत करणं म्हणजे त्यांची कमाई नाकारणं. कृपा करून करू नका.

माझ्या गल्ल्यात खोटं निघालं ते जुनं जाड पाचच. खरं नाणं तांबे-निकेलचं, ९ ग्रॅमचं, २३ मिलिमीटरचं. आधी कड बघा. रेघांच्या मधोमध गोल फिरणारी चर हवी. मला सापडलेल्या नाण्याची चर एका जागी बुजलेली होती, आणि साच्याचा जोड नखाला लागत होता. फरशीवर टाकलं तर खणखणलं नाही, थप्प वाजलं. मग चुंबक लावा. हे जाड पाच चिकटत नाही. नंतर आलेलं स्टीलचं पातळ पाच मात्र चिकटतं, त्याला खोटं ठरवू नका.

वजन सराफाच्या काट्यावरच करा, किराण्याचा काटा इथं कामाचा नाही. झिजेनं थोडं घटतं, पण अर्धा ग्रॅम कमी भरलं तर मी संशय घेतो. त्याहून पक्की परीक्षा पाण्याची. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्यानं पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. खऱ्या नाण्यानं आकडा साधारण १ ग्रॅमनं वाढतो. वजन बरोबर आणि हा आकडा बराच वेगळा, तर धातू दुसरा.

किमतीचं म्हणाल तर खोट्या नाण्यानं बाजारात काहीच मिळत नाही. खोटं आहे हे कळूनही ते खरं म्हणून पुढं चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १७९ खाली गुन्हा आहे. एखादं निघालं तर बँकेत दाखवा, एकदम दहा-वीस आली तर पोलीस ठाण्यात सांगा.

पण घाई करू नका. आपली नाणी पुस्तकाच्या पानासारखी आडवी उलटली की मागची बाजूही सरळ दिसते. ती तिरकी दिसली, किंवा छाप एका बाजूला सरकलेला असला, आणि वजन, आवाज, कड सगळं बरोबर असलं, तर ती टांकसाळीची चूक असू शकते. असं खरं नाणं संग्राहक दर्शनी किमतीपेक्षा जास्त देऊन घेतात. ते घासू नका, चिंच लावून चकचकीत तर मुळीच करू नका, किंमत पडते. कागदी पाकिटात ठेवा, वर तारीख, वजन आणि ते कुठं मिळालं ते लिहा.