शेत सावकाराकडे जाऊ न देता शैक्षणिक कर्ज कसं मिळवायचं

फी भरायची ती जुलै-ऑगस्टमध्ये. सोयाबीन घरी येतं दिवाळीच्या तोंडावर, कापसाचे पैसे त्याच्याही नंतर. नेमकं याच मधल्या दिवसांत सावकाराला शेत लिहून दिलं जातं. ते टाळायचं तर तयारी बारावीच्या निकालाआधी सुरू करा.

पटवाऱ्याचा अहवाल घेऊन सेतूतून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढा. शिष्यवृत्ती आणि व्याज सवलत, दोन्हीला तो लागतो. आधार, पॅन आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळवून घ्या. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी, एवढ्यावरून अर्ज अडकतात.

मग महाडीबीटी, म्हणजे राज्याचं शिष्यवृत्ती अर्जाचं पोर्टल. कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश असेल आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मी शिकवणी फी सुटते. मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण. उरेल तेवढंच कर्ज मागा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ही शिष्यवृत्तीही नाही आणि केंद्राची व्याज सवलतही नाही, हे प्रवेश घेण्याआधी लक्षात ठेवा.

४ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तिथून साडेसात लाखांपर्यंत केंद्राची पतहमी (तारणाऐवजी बँकेला दिलेली हमी) आहे. मात्र देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के रक्कम आपली घालावी लागते. साडेसात लाखांच्या वर सहसा तारण लागतं, आणि गावाकडची खरी अडचण इथे आहे. सातबारा पुढे केला तरी बँक बहुधा नको म्हणते, कारण बँकांना तारण जप्त करून वसुली करू देणारा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, वसुली अवघड जाते. गावठाणातल्या घराचा नुसता नमुना ८ सुद्धा अनेकदा चालत नाही. मालमत्ता पत्रक असेल तर ते काढून ठेवा. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीतल्या संस्थेत प्रवेश असेल, तर त्या योजनेत तारण आणि जामीनदार दोन्ही नाहीत.

उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि नॅक किंवा एनबीए मानांकित संस्थेत तांत्रिक वा व्यावसायिक शिक्षण असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जाचं शिक्षणकाळ अधिक एक वर्षाचं व्याज केंद्र भरतं. शिक्षण मध्येच सोडलं की ही सवलत थांबते.

सवलत नसेल तर हिशेब पाहा. दर १० टक्के, वर्षाला १ लाख, चार वर्षं. सरळ व्याज १०, २०, ३०, ४० आणि शेवटच्या वर्षी पुन्हा ४० हजार, म्हणजे १ लाख ४० हजार. ते मुद्दलात मिसळलं की १० वर्षांसाठी हप्ता सुमारे ७,१४० रुपये. व्याज दर महिन्याला भरत गेलात (पहिल्या वर्षी ८३३ रुपये), तर हप्ता ५,२९० च्या आसपास राहतो. जमेल तितकं भराच. बऱ्याच बँका अशा खात्याला दरात १ टक्का सूटही देतात.

वडिलांचं पीककर्ज थकलेलं असेल तर अर्जाआधी सिबिल अहवाल (कर्जफेडीच्या नोंदींचा) काढा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. कर्जमाफीत मिटलेलं खातंही तिथे थकीत दिसू शकतं. त्या बँकेकडून नील दाखला (काही बाकी नाही असा) घेऊन नोंद दुरुस्त करून घ्या, किंवा आईला सहकर्जदार करता येईल का ते विचारा.

‘तुमचं गाव आमच्या शाखेत येत नाही’ हे नकाराचं कारण चालत नाही. अर्जाची पोच घ्या आणि नकार लेखी मागा.

मंजुरीनंतर पैसे थेट कॉलेजला जातात, पण दर वर्षी आपोआप नाही. आधीच्या वर्षाचा निकाल आणि कॉलेजचं फी मागणी पत्र फीच्या तारखेआधी दोन आठवडे शाखेत द्या.