स्टँडअलोन ईसीयू बसवलाय आणि गाडी धड चालत नाही? या चुका टाळा

जुनी जिप्सी किंवा एस्टीम रॅलीसाठी, ट्रॅकसाठी तयार करताना मूळ कंपनीचा ईसीयू (इंजिनचं इंधन आणि स्पार्क सांभाळणारा कॉम्प्युटर) काढून मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनोसारखा स्टँडअलोन, म्हणजे स्वतः ट्यून करायचा ईसीयू बसवणारे बरेच जण आहेत. हार्नेस तयार होतो, सेल्फ मारला की इंजिन कसंबसं सुरू होतं, आणि मग सगळे लॅपटॉप उघडून फ्युएल मॅपचे (कधी किती पेट्रोल टाकायचं त्या तक्त्याचे) आकडे बदलत बसतात. माझं ठाम मत आहे की या टप्प्यावर दोष मॅपमध्ये क्वचितच असतो. ईसीयूपर्यंत पोचणारी माहितीच खोटी असते आणि खोट्या माहितीवर कितीही ट्यूनिंग केलं तरी ते वाया जातं.

टायमिंग लाइट न लावणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. टायमिंग लाइट म्हणजे स्पार्क पडताच चमकणारी गन. स्क्रीनवर स्पार्कचं टायमिंग १० अंश दिसतं म्हणून स्पार्क १० अंशांवर पडतोच असं नाही. ईसीयूला दिसतात ते फक्त क्रँकवरच्या चाकाचे दाते. ३६-१ चाकावर ३६ दात्यांच्या जागेत एक दाता नसतो. त्या रिकाम्या जागेनंतर पहिल्या सिलिंडरचा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) किती अंशांवर येतो, हा आकडा तुम्ही स्वतः भरायचा असतो. तो १५ अंशांनी चुकला तरी इंजिन सुरू होऊ शकतं. पण टायमिंग पुढे गेलं असेल तर लोडवर नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकणं) होऊन पिस्टन जातो, मागे राहिलं असेल तर एक्झॉस्ट लाल होतो.

सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर फिक्स करा, गन लावा आणि पुलीची खूण १० वर येईपर्यंत ट्रिगर अँगल (वर सांगितलेला तोच आकडा) बदला. त्याआधी पहिला प्लग काढून खूण खरंच टीडीसीला जुळते का ते बघा. मध्ये रबर असलेल्या जुन्या पुलीची बाहेरची रिंग सरकलेली असू शकते. वेस्टेड स्पार्क (एकाच कॉइलने दोन सिलिंडरना एकदम स्पार्क) असेल तर गन प्रत्येक फेरीला चमकते आणि डायलवाली गन चुकीचा आकडा दाखवते. डायल शून्यावर ठेवून थेट पुलीवरची खूणच वाचा.

आता इंजिन ३००० आरपीएमवर न्या. खूण जागेवरून हलली आणि क्रँकचा सेन्सर व्हीआर (दोन वायरींचा चुंबकीय) असेल, तर पहिला संशय त्याच्या दोन वायरींवर घ्या. या सेन्सरचा सिग्नल दात्याच्या मध्यावर शून्यातून झपकन खाली येतो आणि ईसीयूने तोच क्षण पकडायचा असतो. वायरी उलट लागल्या की ईसीयू दोन दात्यांमधली संथ चढण पकडतो. मग आरपीएम वाढेल तसं टायमिंग सरकतं आणि रिकाम्या जागेपाशी सिंक (ईसीयूचा क्रँकशी असलेला मेळ) तुटतो. वायरी अदलाबदल करून पुन्हा गन लावा.

अर्थिंग कुठेही टोचणं

कूलिंग फॅन लागला की कूलंटचं तापमान स्क्रीनवर उडी मारतं? हेडलाइट लावले की थ्रॉटलची टक्केवारी हलते? सेन्सर बदलू नका. सेन्सरचा अर्थ बॉडीला जोडलेला आहे. तापमान, थ्रॉटल आणि मॅप (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा, फ्युएल मॅप नव्हे) या सेन्सरांचे अर्थ फक्त ईसीयूच्या सेन्सर ग्राउंड पिनवर जायला हवेत. ईसीयूचे पॉवर अर्थ मात्र इंजिन ब्लॉकवर, एकाच ठिकाणी, रंग खरवडून घट्ट बसवलेल्या लगला जोडा. क्रँक सेन्सरच्या शील्डेड वायरची जाळी एकाच टोकाला, ईसीयूच्या बाजूला अर्थ करायची.

वायरी पिळून वर टेप मारण्याची आपल्याकडची सवय इथे चालत नाही. व्हायब्रेशनने असा जोड सैल होतो आणि बिघाड कधी दिसतो, कधी दिसत नाही. चांगल्या पक्कडीने क्रिंप करून त्यावर हीटश्रिंक चढवा.

आरपीएम वाढला की लॅपटॉपचं कनेक्शन तुटत असेल तर प्लग बघा. एनजीकेच्या बीपीआर६ईएसमधला ‘आर’ म्हणजे रेझिस्टर. तो नसलेला बीपी६ईएस लावला की स्पार्कचा इलेक्ट्रिकल नॉइज (सिग्नलमधली गडबड) थेट ईसीयूत शिरतो.

सेल्फ मारताना ईसीयू बंद पडणं

चावीच्या काही वायरींचा करंट स्टार्टच्या पोझिशनला तुटतो. ईसीयूचा रिले अशा वायरीवर घेतला तर सेल्फ फिरतो, पण स्पार्क पडत नाही. सेल्फ मारताना त्या वायरीवर मीटर धरा.

कॉइल आणि इंजेक्टर

डवेलचं (कॉइल चार्ज करण्याच्या वेळेचं) आउटपुट उलटं सेट झालं तर इंजिन बंद असतानाही कॉइल चार्ज होत राहते आणि जळते. ते सेटिंग खात्रीने बरोबर होईपर्यंत कॉइलचे कनेक्टर काढूनच ठेवा. इंजेक्टरचा रेझिस्टन्सही मोजा. १२ ते १६ ओहम असेल तर सरळ जोडा. २-३ ओहम असेल तर योग्य ड्रायव्हर सर्किट किंवा करंट मर्यादित ठेवणाऱ्या बॅलास्ट रेझिस्टरशिवाय जोडू नका.

चावी ऑन, इंजिन बंद

या स्थितीत मॅप सेन्सरने तुमच्या गावचा हवेचा दाब दाखवायला हवा: मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात साधारण ९५, महाबळेश्वरला ८६ ते ८७. पुण्यात १०५ दिसत असेल तर कॅलिब्रेशन चुकलंय. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंट आणि इनटेक हवेचं तापमान जवळपास सारखं असलं पाहिजे. दोन मिनिटांची ही तपासणी, तरी बहुतेक जण ती करत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

वाइडबँडवर आंधळा विश्वास

वाइडबँड म्हणजे एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा सेन्सर. त्याच्या आधी एक्झॉस्टला गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण लीन (पेट्रोल कमी) दिसतं. सेन्सर आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर कललेला असावा, नाहीतर साचलेलं पाणी त्याचा सिरॅमिक भाग तडकवतं. इंजिन चालू असताना हीटरचा करंट बंद ठेवू नका.

आणि १४.७ चा (एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा) हट्ट सोडा. तो आकडा शुद्ध पेट्रोलचा आहे. पंपावरच्या ई२० (२० टक्के इथेनॉल) साठी तो साधारण १३.५ होतो. सेन्सर मुळात लॅम्डाच (इंधन कुठलंही असो, आदर्श मिश्रणाला १) मोजतो, त्यामुळे गेज आणि सॉफ्टवेअर दोन्ही लॅम्डावर ठेवा. आयडलला लॅम्डा १ च्या जवळ आणा आणि पूर्ण थ्रॉटलला रिच (पेट्रोल जास्त) बाजूने, ०.८५ च्या आसपास सुरुवात करा.