घरच्या स्टाउटसाठी नळाची मांडणी कशी निवडावी

घरी तयार केलेली स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी बिअर) केगमधून, म्हणजे दाब सहन करणाऱ्या बंद पिंपातून, नळावाटे वाढायची ठरली की बहुतेक जण खरेदीची सुरुवात नळापासून करतात. आधी लांब तोंडाचा चकचकीत स्टाउटचा नळ घरी येतो, मग त्याला जोडण्यासाठी मिळेल तो सिलिंडर शोधला जातो, आणि ग्लासात निव्वळ फेस उतरला की दोष नळाच्या माथी मारला जातो. क्रम याच्या नेमका उलट हवा. बिअरमध्ये किती कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असावा हे आधी ठरवावे. त्यावरून वायू ठरतो, वायूवरून रेग्युलेटर (सिलिंडरमधला दाब हवा तेवढा उतरवणारे उपकरण), आणि नळाचा विचार सर्वांत शेवटी येतो. केग, जोडण्या आणि नळ्या निर्जंतुक आहेत आणि किण्वन पूर्ण झालेले आहे, हे येथे गृहीत धरले आहे.

विरघळलेला वायू आकारमानात मोजतात. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर वायू सामावलेला असेल, तर ते 1 आकारमान. एल आणि लागर या बिअरच्या नेहमीच्या प्रकारांत हे प्रमाण साधारण 2.4 ते 2.6 असते, तर नळावर मिळणाऱ्या मऊ, दाट फेसाच्या स्टाउटमध्ये ते जेमतेम 1.1 ते 1.3 असते. पुढचे सगळे निर्णय या फरकावर अवलंबून आहेत.

नायट्रोजन हवाच का, हे आधी ठरवा

4 ते 5 टक्के मद्यार्काची कोरडी स्टाउट वरचेवर करत असाल, तर नायट्रोजनमिश्रित वायूची मांडणी करावी. 9-10 टक्क्यांची जड, गोडसर स्टाउट करत असाल, तर माझ्या मते करू नये. नायट्रोजनमुळे पोत मऊ होतो हे खरे, पण कार्बन डायऑक्साइडचा आंबट चटका कमी झाल्यावर जड बिअर तोंडात चिकटल्यासारखी लागते आणि तिचा गंधही दबतो. अशा बिअरसाठी साधा कार्बन डायऑक्साइड, साधा नळ, आतून 5 मिलिमीटर व्यासाची सुमारे 3 मीटर नळी, 8 अंश सेल्सिअस तापमान आणि 7 ते 8 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचे एकक) दाब एवढे पुरते. बिअर 2 आकारमानांच्या आसपास स्थिरावते.

हातपंपाची (वायूच्या दाबाऐवजी हाताने बिअर ओढण्याची) मांडणी देखणी आणि चवीला उत्तम असते, परंतु केगमध्ये हवा शिरू दिली तर बिअर थोड्याच दिवसांत बिघडते, त्यामुळे मोठ्या बैठकीत केग संपणार असेल तरच तिचा विचार करावा. वर्षाकाठी एखाद्या वेळीच स्टाउट करणाऱ्याने तर काहीच विकत घेऊ नये. भरलेल्या ग्लासातली थोडी बिअर स्वच्छ, न वापरलेल्या, सुई नसलेल्या सिरिंजमध्ये ओढून जोराने परत ग्लासात सोडली, तरी बऱ्यापैकी दाट फेस येतो.

एक सल्ला मात्र सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे: स्टाउटचा नळ घ्या आणि तो साध्या कार्बन डायऑक्साइडवर चालवा. या नळाच्या आत बारीक छिद्रांची चकती असते आणि तिच्यातून बिअर जोरात दाबली गेली तरच बारीक बुडबुड्यांची ती प्रसिद्ध लाट उमटते. त्यासाठी 30 पीएसआय किंवा त्याहून थोडा अधिक दाब लागतो. शुद्ध कार्बन डायऑक्साइड 4 अंशांना एवढ्या दाबाखाली ठेवला, तर बिअर हळूहळू 4 आकारमानांच्याही वर जाते आणि नळातून फेसाखेरीज काही येत नाही. दाब उतरवला तर बिअर नुसती ठिबकते. शुद्ध नायट्रोजन वापरणे हे दुसरे टोक आहे: सुरुवातीचे ग्लास छान येतात, पण केग रिकामा होत जातो तसा बिअरमधला कार्बन डायऑक्साइड वरच्या मोकळ्या जागेत निघून जातो आणि शेवटी बिअर मचूळ लागते.

या पेचातून सुटण्यासाठीच दोन्ही वायूंचे मिश्रण वापरतात. गिनेस या बिअर कंपनीत काम करणारे गणितज्ञ मायकल अॅश यांनी विकसित केलेली नायट्रोजनमिश्रित नळाची स्टाउट 1959 मध्ये बाजारात आली, आणि आजची घरगुती मांडणी तत्त्वतः तीच आहे. नायट्रोजन बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइडच्या मानाने 50 पटींहून अधिक कमी विरघळतो. म्हणून तो बिअर फसफसू न देता तिला जोराने ढकलू शकतो, आणि त्याचे बुडबुडे लवकर मोठे होत नसल्याने फेसही टिकतो.

सिलिंडर आणि रेग्युलेटर

75 टक्के नायट्रोजन आणि 25 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेले मिश्रण घ्यावे. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि खोलीच्या तापमानाला त्याचा दाब सुमारे 800 पीएसआय असतो. हे मिश्रण मात्र वायुरूपातच भरलेले असते आणि त्याचा दाब 2,000 पीएसआयच्या आसपास असू शकतो. म्हणून जुना कार्बन डायऑक्साइडचा रेग्युलेटर जोडणी बदलून त्यावर बसवण्याचा मोह टाळावा. एवढ्या दाबासाठी बनवलेला रेग्युलेटरच घ्यावा. येथे काटकसर करणाऱ्याशी मी वादही घालत नाही. वायुरूप असल्यामुळे त्याच मापाच्या सिलिंडरमध्ये हे मिश्रण बरेच कमी मावते, तेव्हा परवडेल तेवढा मोठा सिलिंडर घ्यावा आणि प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासावा, कारण या दाबाला बारीकशी गळतीही सिलिंडर रिकामा करते. सिलिंडर उभा, बांधून आणि हवेशीर जागेत ठेवावा. प्लास्टिकचा केग असेल, तर त्यावर लिहिलेली दाबाची मर्यादा पाहिल्याशिवाय तो जोडू नये.

नळीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. अडथळ्याचे काम चकती करते, म्हणून दीड-दोन मीटर पुरेशी होते.

अवघड टप्पा: बिअरमध्ये वायू किती भरायचा

मला सर्वाधिक दमवले ते याच टप्प्याने, आणि बहुतेकांची मांडणी फसते तीही येथेच. "नेहमीसारखी कार्बोनेट करा आणि मग नायट्रोजनवर लावा" असे जो सांगतो, त्याने ही बिअर स्वतः कधी ओतलेली नसते. अडीच आकारमानांची बिअर चकतीच्या छिद्रांतून गेली की तिच्यातला सगळा वायू एकदम सुटतो आणि ग्लास फेसाने भरतो. मग माणूस दाब कमी करतो, नळी लांब करतो, चकती काढून टाकतो, आणि खरे कारण केगमध्ये तसेच राहते.

लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की 20 अंशांना नुकतीच आंबून झालेली बिअर मुळात सपाट नसतेच. तिच्यात सुमारे 0.85 आकारमान कार्बन डायऑक्साइड आधीच असतो. आपल्याला हवा तो त्यावर फक्त 0.3 च्या आसपास. एवढा वायू मिश्रणातूनच मिळतो. मिश्रण 30 पीएसआयवर ठेवले, तर वातावरणाचा 14.7 पीएसआय मिळवून एकूण दाब 44.7 होतो, त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे साधारण 11 पीएसआय, कार्बन डायऑक्साइडच्या वाट्याला येतो, आणि 4 अंशांना बिअर 1.1 आकारमानाजवळ येऊन थांबते. दाब 35 केला तर 1.2 च्या आसपास. म्हणून माझे मत ठाम आहे: केगमधली हवा वायूने बाहेर काढावी, बिअर न उसळवता भरावी, केग 4 अंशांपर्यंत थंड करावा, मिश्रण 30 ते 35 पीएसआयवर जोडावे आणि एक ते दोन आठवडे त्याला हात लावू नये. घाई असेल तर वायू जोडलेला ठेवून केग दिवसातून काही मिनिटे हलवावा. या मिश्रणाने बिअर प्रमाणाबाहेर जाण्याची भीती नसते.

केगमध्ये साखर घालून वायू तयार करण्याची सवय असलेल्यांनी विशेष सांभाळावे. 0.3 आकारमानासाठी लिटरमागे सव्वा ग्रॅमहून कमी साखर लागते, म्हणजे 19 लिटरच्या केगला सुमारे 23 ग्रॅम. बाटल्यांसाठीचे नेहमीचे प्रमाण येथे वापरले तर ती बिअर या नळासाठी वाया गेलीच समजा.

बिअर आधीच जास्त भरली गेली असेल, तर वायूची नळी काढावी, केग फ्रिजबाहेर आणून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, झाकणावरची झडप हळूहळू उघडून दाब सोडावा, केग हलवावा, पुन्हा सोडावा. थंड बिअर वायू धरून ठेवते, म्हणून हे काम फ्रिजमध्ये करणे व्यर्थ आहे. झडप जोराने दाबली तर बिअरच बाहेर उसळते. दोन-तीन दिवस अधूनमधून हे करावे लागते, आणि त्याला जवळचा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

प्रमाण जमले की नाही, हे दाबमापकावर दिसत नाही, ग्लासातच दिसते. लाट कितीतरी वेळ थांबत नसेल आणि वर जाड, भोकाभोकांचा फेस साचत असेल तर कार्बन डायऑक्साइड जास्त आहे. लाट लगेच विरली आणि फेसाची साय पातळ राहिली तर अजून काही दिवस थांबावे.

ओतणे आणि धुणे

ग्लास तिरका धरून नळ पूर्ण उघडावा, पाऊण भरावा, लाट शांत होऊ द्यावी आणि मग ग्लास सरळ धरून उरलेला भरावा. नळ अर्धवट उघडून कधीच ओतू नये. जाहिरातींत सांगितले जाणारे सेकंदांचे हिशेब सोडून द्यावेत; बिअर काळी आणि फेस वेगळा दिसला की झाले.

प्रत्येक केग संपल्यावर नळ उघडून चकती आणि तिच्यामागचा प्रवाह सरळ करणारा तुकडा काढावा, अल्कधर्मी द्रावणात भिजवावा आणि छिद्रे प्रकाशात धरून पाहावीत. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) एखादा कण किंवा कोकोचा चुरा अडकला तरी बिअरची धार वाकडी येते, आणि पुष्कळ लोक तेवढ्यासाठी नवा नळ विकत घेतात. कॉफी किंवा कोको घातलेली स्टाउट असेल, तर ती केगमध्ये भरतानाच बारीक जाळीतून गाळून घ्यावी.