टाकीतला मासा आजारी पडला की आधी काय बघायचं

उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात बी.एफ.एस्सी. या मत्स्यविज्ञानाच्या चार वर्षांच्या पदवीला आलेली मुलं हमखास विचारतात, शोभिवंत माशांत पोट भरतं का? भरतं. मासे विकणारे पुष्कळ आहेत, माशाला काय झालंय ते सांगणारा मात्र शोधावा लागतो.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, कोणतं औषध टाकू?" त्याचं उत्तर लगेच देऊ नका. किती मासे आजारी आहेत, ते विचारा. सगळेच एकदम वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. एकदोनच सुस्त आणि बाकीचे खातपीत असतील, तर रोग शोधायचा. आपल्याकडे मे महिन्यात बोअर आटतं, टँकर येतो, टाकीतलं पाणी अचानक बदलतं. त्यात वीज गेली की एअर पंप बंद. २० अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. शिवाय पाणी जितकं गरम आणि त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचा आकडा, जितका जास्त, तितका त्यातला माशांच्या घाणीतून साचणारा अमोनिया विषारी. म्हणून अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट तपासायचं किट पिशवीत हवंच, औषधाची बाटली नंतर.

सगळ्यात जास्त भेटतो तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, इक. अंगावर रवा भुरभुरल्यासारखं दिसतं. यातला परजीवी कातडीखाली असताना औषध त्याला लागत नाही. तो गळून तळाशी बसतो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती नवा मासा शोधत पोहतात, तेव्हाच ती औषधाने मरतात. ठिपके गेले म्हणून लोक औषध थांबवतात, नेमकी त्याच वेळी ही पिल्लं पोहत असतात! २५-२६ अंशांना हे चक्र आठवड्याच्या आत फिरतं, थंडीत लांबतं, म्हणून पाणी हळूहळू २८-३० अंशांवर नेतात. फिल्टरमधला कार्बन आधी काढा, तो औषध शोषून घेतो.

पण तोंडाशी कापसासारखं दिसलं तर हीटर वाढवू नका. ती बुरशी वाटते, पण अनेकदा कॉलम्नारिस नावाचा जिवाणू निघतो, आणि उष्णतेत तो झपाट्याने वाढतो. एका रोगावरचा उपाय दुसऱ्या रोगात माशाचा जीव घेतो, म्हणून नुसत्या फोटोवरून मी सांगत नाही. अँटिबायोटिक तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय नकोच.

कॉलेजात असेपर्यंत सूक्ष्मदर्शकावर हात बसवून घ्या. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर अलगद खरवडून काचपट्टीवर घ्यायचा. इकचा परजीवी संथपणे गोल फिरताना दिसतो, आत घोड्याच्या नालेच्या आकाराचं केंद्रक. ते दिसलं की अंदाज बांधावा लागत नाही. पुढे दुकानात हे यंत्र सहसा नसतं, तेव्हा पहिल्या कमाईतून साधं का होईना, स्वतःचं घ्या.