घरी मॉर्फिन सुरू झाल्यावर आई-वडिलांचं दुखणं कसं सांभाळायचं

कॅन्सर बरा होणार नाही हे कळलं की नातेवाइकांकडून दोन गोष्टी हमखास ऐकू येतात: 'आता करण्यासारखं काही उरलं नाही' आणि 'मॉर्फिन सुरू केलं म्हणजे शेवट आला'. दोन्ही चूक आहेत. मॉर्फिन हे जोरदार वेदनाशामक किती दुखतं आहे ते बघून देतात, आणि नीट दिलं तर माणूस उठून बसतो, चार घास खातो, नातवंडांशी बोलतो.

आधी पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, केंद्र गाठा. मॉर्फिन साध्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्याने परवान्यांचा इतका गुंता केला होता की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांचा मार्ग सुटसुटीत झाला. मुंबईत टाटा मेमोरियल आणि वांद्र्याचं शांती आवेदना सदन, पुण्यात वारज्याचं सिप्ला सेंटर ही माहितीची ठिकाणं. मूळ प्रिस्क्रिप्शन, रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी सोबत न्या. किडनीचा त्रास असेल तर तो न विचारता सांगा, कारण मॉर्फिनचे घटक किडनीवाटेच बाहेर पडतात आणि ती थकली असेल तर अंगात साठत जातात.

बाकीची देखभाल, म्हणजे एअर बेड, दर दोन तासांनी कूस बदलणं, एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून गुळण्या: हे घरच्यांना जमतं.

चुकतं ते गोळ्यांच्या वेळेत. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो. म्हणून ती सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10 अशी द्यायची. मध्यरात्री उठवावं लागू नये म्हणून रात्री 10 चा डोस बरेचदा दुप्पट लिहून देतात. 'दुखलं की देऊ' हा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. दुखणं एकदा चढलं की तेवढ्याच गोळीने ते उतरत नाही, आणि माणूस दिवसभर पुढच्या कळेची वाट बघत पडून राहतो. मधेच कळ आली तर काय द्यायचं हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. जादा गोळी दिली तरी पुढची ठरलेली गोळी तिच्या वेळेलाच द्यायची. दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा जादा गोळी लागली तर डोस अपुरा पडतो आहे. तो डॉक्टरांनीच वाढवायचा, घरच्यांनी अंदाजाने नाही.

वहीत चार रकाने आखा: वेळ, दुखणं 0 ते 10 मध्ये किती, जादा गोळी, शौच. आकडा विचारूनच लिहा, आणि तरी त्यावर पूर्ण विसंबू नका. मुलांना त्रास नको म्हणून आई-वडील 'बरं आहे' म्हणतात. कपाळावरची आठी, कूस बदलताना आवळलेली मूठ, अर्धं ठेवलेलं ताट यांचीही नोंद करा.

लांब असराची गोळी असेल तर ती कुटायची नाही, दह्यात कालवायची नाही, नळीतून घालायची नाही. बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. आपल्याकडची गोळी कोणत्या प्रकारची आहे ते पाकिटावर मार्करने लिहा.

आता बद्धकोष्ठ. मॉर्फिन बंद करण्याची वेळ घरच्यांवर येते ती बरेचदा यामुळे. मळमळ आणि गुंगी सहसा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र आपोआप जात नाही. म्हणून पहिल्या गोळीच्या दिवसापासूनच बिसाकोडिल किंवा सोनामुखीसारखं रेचक मागून घ्या. इसबगोल देऊ नका. पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या आतड्यात त्याचा लगदा अडकून बसतो. तीन दिवस शौच नाही तर फोन करा. आणि पाच-सहा दिवस शौच न होता अचानक पातळ झालं तर जुलाब समजून रेचक थांबवू नका. आत अडकलेल्या कडक मळाच्या बाजूने पातळ मळ झिरपत असू शकतो. आधी डॉक्टरांना विचारा.

हाका मारूनही जाग येत नाही, श्वास मिनिटाला आठ-दहावर आला आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या आहेत: पुढची गोळी थांबवा, लगेच डॉक्टरांना कळवा. हातपाय झटकणं, भास होणं, लघवी कमी होणं हेही त्याच दिवशी कळवायचं. एरवी गोळी एकदम बंद करायची नाही, फार त्रास होतो.

'व्यसन लागेल' म्हणणाऱ्या काका-आत्यांना डॉक्टरांसमोर बसवा. घरच्यांनी समजावलेलं त्यांना पटत नाही, आणि गोळी चुकते ती नेमकी त्यांच्या पाळीत.

गोळ्या कुलपात ठेवा, उरल्या तर केंद्रात परत करा, शेजारच्या पेशंटला देऊ नका. साठा सुट्ट्या बघून आणा. दर वेळी एक आणि रात्री दोन म्हणजे दिवसाला सहा, आठवड्याला 42, वर जादा म्हणून दहा. गणपती-दिवाळीत ओपीडी बंद असते, तेव्हा हे 52 आधीच्या आठवड्यात घरात हवेत.