देव आहे का, यावर घरात किंवा गच्चीवर नीट बोलायचं असेल तर

परळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकवत असे. आता निवृत्त आहे, माहीमला राहते. महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर पंधरा-वीस माणसं जमतात आणि देव आहे का, असलाच तर कसा आहे, यावर बोलतात. अकरावी-बारावीची मुलं असतात, सत्तरी ओलांडलेल्या आजी असतात, तिसऱ्या मजल्यावरचं कॅथलिक जोडपं असतं, टॅक्सी चालवणारे एक चाचा असतात, अधूनमधून माझ्या जुन्या सहकारी पारशी बाई दादरहून येतात. असं काही तुमच्या इमारतीत किंवा घरच्या घरी सुरू करायचं असेल, तर कसं करावं ते सांगते.

मी वारकरी घरातली. गळ्यात माळ आहे आणि देव आहे असं मी मानते. चर्चा चालवणाऱ्याने आपली बाजू पहिल्याच दिवशी सांगून टाकावी. लपवली तरी ती लोकांना कळतेच, आणि मग त्यांचा विश्वास उडतो.

सुरुवात ‘देव आहे का’ या प्रश्नाने करू नका. त्याला दोन तट पडतात आणि तासभर तेच ते होत राहतं. त्याऐवजी पाठकोरे कागद वाटा आणि प्रत्येकाला चार प्रश्नांची उत्तरं लिहायला सांगा. तुम्ही ज्याला देव म्हणता (किंवा ज्या देवाला नाकारता) त्याने जग निर्माण केलं का? हाक मारली तर तो ऐकतो का? आपल्या बऱ्यावाईटाचा हिशेब तो ठेवतो का? जगाहून तो वेगळा आहे, की हे जग त्याचंच रूप? उत्तर हो, नाही किंवा सांगता येत नाही, एवढंच. कागदावर नाव नको. सगळे कागद मिसळा आणि सर्वांत लहान मुलाला वाचायला द्या. मोठ्यांनी आधी तोंड उघडलं की लहानांची मतं आपोआप मोठ्यांसारखी होतात, म्हणून हा क्रम पाळाच.

मग गंमत वाटावी असं काहीतरी समोर येतं. आमच्याकडे रोज एकत्र देवळात जाणाऱ्या दोन मैत्रिणींची उत्तरं जुळली नाहीत. उलट, स्वतःला नास्तिक म्हणवणाऱ्या एका मुलाची उत्तरं शेजारच्या जैन काकांशी जवळजवळ तंतोतंत जुळली. जैन दर्शनात जगाचा कर्ता कोणी नाही. तीर्थंकर पूज्य आहेत, पण ते नवस ऐकून काही देत नाहीत, आणि कर्माचं फळ देण्यासाठी वेगळा न्यायाधीश लागत नाही. त्या संध्याकाळी मुलाने आणि काकांनी एकमेकांकडे प्रथमच नीट पाहिलं. ‘आहे का’ विचारण्याआधी ‘कोणता’ हे विचारायला हवं, याची मला खात्री आहे. माणसं देवाच्या असण्यावर भांडतात असं दिसतं, पण बहुतेक वेळा ती दोन वेगळ्या देवांबद्दल बोलत असतात.

दुसऱ्या बैठकीत मुलांना हे सांगा की ईश्वर नाकारणं ही काही कॉलेजात जाऊन लागलेली सवय नव्हे. आपल्याकडे देव आणि परलोक न मानणारे चार्वाक होतेच, पण त्यांचं सोडा. वेद शिरोधार्य मानणारे मीमांसक जगाचा निर्माता मानत नव्हते. त्यांच्यातल्याच, सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांचे आक्षेप आजही वाचून दाखवले तर गच्ची शांत होते. निर्मात्याला शरीर असेल तर ते कोणी घडवलं? नसेल तर त्याला इच्छा कशी झाली? आणि त्याने स्वतःच येऊन ‘जग मी केलं’ असं सांगितलं, तरी ते मोठेपणासाठी सांगितलेलं नाही हे कशावरून? हे एका कर्मठ वैदिकाचे प्रश्न आहेत. नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे तर्कपंडित, दुसऱ्या बाजूचे. घडा दिसला की कुंभार असणार, तसं जग हे कार्य आहे तर कर्ता असणार, ही त्यांची मांडणी उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त खूप पक्की केली. बौद्ध आणि जैनांनी विचारलं, की कुंभार आपण पाहिलेला असतो, जगाचा कर्ता कोणी पाहिला? शिवाय एका देवळाला अनेक गवंडी लागतात, मग जगाला एकच कर्ता कशावरून?

इथे शास्त्रकारांचीच रीत वापरा. आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, त्याच्याइतकंच बळकट करून मांडायचं, मगच उत्तर द्यायचं. आमच्याकडे नियम असा की समोरचा ‘हो, मला हेच म्हणायचंय’ असं म्हणेपर्यंत तुम्हाला स्वतःचं मत मांडता येत नाही. माळकरी आजींनी कुमारिलांची बाजू मांडायची आणि विज्ञान शाखेच्या मुलाने उदयनाचार्यांची. सुरुवातीला लोक वैतागतात. तरी हा एक नियम सोडू नका; बाकी सगळं सोडलंत तरी चालेल.

आता मुख्य भाग. देव मानणारेच देवाच्या स्वरूपावर इतके का वेगळे पडतात? याला मी दोन-तीन बैठका देते, आणि सुरुवात नेहमी दुःखापासून करते. फळ्यावर तीन वाक्यं लिहा: देव सर्वशक्तिमान आहे. देव पूर्ण चांगला आहे. जगात खरोखरीचं दुःख आहे. लहान मूल कॅन्सरने जातं, तेव्हा ही तिन्ही वाक्यं एकत्र धरून ठेवणं फार जड जातं. परळला टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर गावाहून आलेली कुटुंबं राहतात. आमच्या कॉलेजातली मुलं त्यांच्यासमोरून रोज जात. त्यामुळे हा प्रश्न त्यांना पुस्तकातला वाटत नसे. आता प्रत्येक परंपरेबद्दल एवढंच विचारा: तिन्हींपैकी कोणत्या वाक्याला हिने मुरड घातली?

पारशी बाईंचं उत्तर मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हलवून गेलं. अहुर मज्द, म्हणजे पारशांचा देव, पूर्ण चांगला आहे, वाईटाचा कणही त्याच्याकडून येत नाही. वाईट येतं ते अंग्र मैन्यूकडून, ज्याला अह्रिमन म्हणतात. ही लढाई चालू आहे, शेवटी चांगल्याचा जय ठरलेला आहे, आणि माणूस या लढाईत देवाचा सोबती आहे. म्हणजे आज, या घटकेला, देवाची सत्ता पूर्ण नाही. चांगुलपणाला मात्र धक्का नाही. मूल गेलेल्या आईला ‘ही देवाची इच्छा’ असं या श्रद्धेत कोणी म्हणणार नाही.

वेदान्ताने दुसरी वाट घेतली. ब्रह्मसूत्रांत दुसऱ्या अध्यायात ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’ असं सूत्र आहे. ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा आरोप येत नाही, कारण तो कर्माच्या अपेक्षेने फळ देतो. इथे ईश्वराचा चांगुलपणा वाचला, पण त्याच्या स्वातंत्र्याला कर्माची मर्यादा आली. आणि पहिलं कर्म कुठून आलं, असं विचाराल तर पुढचंच सूत्र सांगतं की संसार अनादि आहे. हे उत्तर तर्काला पुरतं, त्या आईसमोर उच्चारू नये असं माझं ठाम मत आहे. तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं सांगतं की देवाने माणसाला मोकळीक दिली आणि पुष्कळसं वाईट त्या मोकळिकीतून आलं. उरलेल्या दुःखाबद्दल त्यांच्याकडे स्पष्टीकरण नाही, पण क्रुसावर स्वतः दुःख सोसलेला देव आहे. चाचा म्हणतात, ही परीक्षा आहे आणि हिशेब इथे पुरा होत नाही. एकेकाचं ऐकताना लक्षात येतं की मतभेद लहरीतून आलेले नाहीत. प्रत्येकाने काहीतरी सर्वांत मौल्यवान मानलं आणि ते वाचवण्यासाठी दुसरं काहीतरी सोडलं.

दुसरं कारण गिरगावात चालत जाऊन समजून घेता येतं. 1867 मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, 1875 मध्ये इथेच आर्य समाज. दोघांचाही देव निराकार आणि एकच, दोघांचाही मूर्तिपूजेला विरोध. तरी ते एक झाले नाहीत, कारण आर्य समाजाला वेद प्रमाण होते. प्रार्थना समाजाला कोणताच ग्रंथ अचूक वाटत नव्हता, आणि त्यांच्या उपासनेत तुकोबांचे अभंग होते. म्हणजे देव कसा आहे यामागे खरा वाद ‘हे तुम्हाला कळलं कशावरून’ हा असतो. कागदावर पाचवा प्रश्न म्हणून हाच घाला: ग्रंथावरून, गुरूकडून, अनुभवातून की विचार करून?

समोर कोण उभं आहे यावरही देवाचं वर्णन बदलतं. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी मुंबईत राहून पारशी धर्मावर टीका करत. 1843 च्या त्यांच्या पुस्तकात पारशी दोन शक्ती मानतात या टीकेवर मोठा भर होता. दस्तुरांनी, म्हणजे पारशी धर्मगुरूंनी, उत्तरं दिली. पुढे पुण्यात शिकवणारे जर्मन पंडित मार्टिन हाउग यांनी जरथुष्ट्राचा देव मुळात एकच होता अशी मांडणी केली आणि ती अनेक पारशांना पटली. त्यामुळे दोन पारशी घरांत आज दोन वेगळी उत्तरं मिळू शकतात. दोन्ही नीट ऐका.

आणि एक कारण असं आहे जे उच्चारायला लोक कचरतात. देवळाच्या दारात कोणाला अडवलं गेलं? चोखोबा विठ्ठलाचे, पण त्यांची समाधी महाद्वाराबाहेर. पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हायला 1947 चा मे महिना उजाडावा लागला, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. ज्योतिराव फुल्यांनी ‘निर्मिक’ सांगितला, तो असा की त्याच्यापर्यंत पोचायला मधला भट लागत नाही. बाबासाहेबांनी 1956 मध्ये धम्म स्वीकारला, त्यात निर्मात्या ईश्वराला जागाच नाही. 6 डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणारी रांग शिवाजी पार्कापर्यंत येते. गच्चीवरच्या कोणाला हा मुद्दा नुसता तात्त्विक वाटत असेल, तर त्याला तिथे उभ्या माणसांशी बोलू द्या. मी विठ्ठल मानते, आणि म्हणूनच हे प्रकरण कधी गाळत नाही. (रविवारची सुट्टी गिरणी कामगारांना 1890 मध्ये मिळाली, ती मिळवणारे नारायण मेघाजी लोखंडे फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले होते. आमची बैठक रविवारी भरते ती त्यांच्यामुळे, हे मी दर नव्या माणसाला सांगते.)

कधी कधी मतभेद एकाच माणसाच्या आत असतो. ज्ञानोबांनी तुला सगुण म्हणू की निर्गुण असं विचारून दोन्ही एकच गोविंद असल्याचं म्हटलं आहे. आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा दर्ग्यात मखदूम अली माहिमी आहेत, 1431 साली गेले. कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारा हा कोकणी मुसलमान विद्वान सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबीच्या विचारांचा होता: खरं अस्तित्व एकच, बाकी सगळा त्याचा आविष्कार. पुढे शेख अहमद सरहिंदींसारख्या सूफींनी यावर हरकत घेतली, की हे ऐक्य साधकाच्या अनुभवातलं आहे, निर्माता आणि निर्मिती वेगळेच. जीव आणि ब्रह्म एकच मानणारे शंकराचार्य आणि ते वेगळे मानणारे मध्वाचार्य यांच्यातला वाद ज्याने वाचला आहे त्याला हे ओळखीचं वाटेल. उरुसाला माहीमला जाल तेव्हा चाचांसारख्या कोणाला तरी सोबत घ्या आणि विचारा. लोक आनंदाने सांगतात.

चमत्कारांचा विषय निघतोच. तो वेगळा काढा. 1995 मध्ये गणपती दूध प्यायला, 2006 च्या ऑगस्टमध्ये आमच्या माहीमच्या किनाऱ्यावर पाणी गोड झालं म्हणून लोकांनी बाटल्या भरून नेल्या, लहान मुलांना पाजलं. दूध दगडाच्या पृष्ठभागावरून ओघळतं. पावसाळ्यात मिठी नदीचं पाणी खाडीत येतं. हे तपासता येणारे दावे आहेत, ते तपासावेत, आणि ते पाणी कोणी पीत असेल तर हात धरून थांबवावं. पण चमत्कार खोटा ठरला म्हणून देव खोटा ठरत नाही, आणि चमत्काराचं कारण सापडलं नाही म्हणून देव सिद्ध होत नाही. नरेंद्र दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समितीही देवाधर्माला नव्हे तर त्याच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला विरोध करत आली. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला. आमच्या बैठकीत आवाज चढला की मी ही तारीख सांगते.

थोडं व्यवहाराचं. ज्या घरात सुतक आहे त्या घरच्यांना तीन महिने तरी या विषयावर बोलावू नका. ते आपणहून आले तर फक्त ऐका. गणपतीच्या दिवसांत बैठक ठेवू नका, कारण घरात मूर्ती बसली असताना आजींना मोकळेपणी पूर्वपक्ष मांडता येत नाही. दीड तासाच्या वर ताणू नका. चहा शेवटी द्या, आधी दिलात तर लोक आधी उठतात. कोणाचं मत बदललं का, हे कधीच विचारू नका. त्याऐवजी पहिल्या दिवशीचे कागद जपून ठेवा आणि वर्षाने तेच प्रश्न पुन्हा लिहून घ्या. आमच्याकडे ‘हो’चं ‘नाही’ क्वचित होतं, ‘सांगता येत नाही’ मात्र वाढतं, श्रद्धावंतांकडेही आणि नास्तिकांकडेही. मला ते चांगलं वाटतं. माझ्याही कागदावर हाक ऐकण्याच्या प्रश्नापुढे आता तेच आहे, आणि हरिपाठ रोज चालू आहे.

चार-पाच बैठका नीट झाल्या की पुढचा प्रश्न घ्या: देवाला सगळं आधीच ठाऊक असेल, तर प्रार्थनेने काय बदलतं? यासाठी एका मीमांसेच्या अभ्यासकाची बाजू, एका भक्ताची आणि एका प्रार्थना न करणाऱ्याची, अशा तीन बाजू आठवडाभर आधी वाटून द्या, आणि ज्याची जी श्रद्धा आहे ती बाजू त्याला देऊ नका.