पोरांची पहिली डर्ट बाईक: घ्यायच्या आधीची तयारी

डर्ट बाईक, म्हणजे माती-रानात चालवायची छोटी मोटरसायकल, ऑनलाइन बघायला बसलं की आपण सगळ्यात आधी सीसी आणि टॉप स्पीड बघतो, विकणारा पण तेच आधी सांगतो, तर यादीतलं पहिलं काम म्हणजे हे दोन आकडे सध्या बाजूला ठेवायचे. पाच-सात वर्षांच्या पोरासाठी पहिली गाडी बघताना विचारायचं एवढंच की त्याला ती थांबवता येते का, बसल्यावर पाय टेकतात का, आणि आडवी झाली तर त्याला स्वतःला तिच्याखालून निघता येतं का. या तिन्हींना हो असेल तरच पुढचं बोलायचं. आणि ‘दोन वर्षांत मोठा होईल की’ म्हणून शाळेचा युनिफॉर्म घेतो तशी वाढत्या अंगाची गाडी घ्यायची नाही, आपल्याकडे सगळ्यात जास्त पैसे याच विचारात वाया जातात आणि पोरं पण याच्यानेच पडतात.

गाडीच्या आधी पोराची तयारी. बाजूची चाकं न लावता सायकल चालवतो का? नसेल तर विषय संपला, आधी सायकल. चालवत असेल तर मैदानात चुन्याची एक रेघ मारा आणि त्याला सांगा की जोरात ये आणि पुढचं चाक बरोब्बर रेघेवर थांबव, पाय घासून नाही, हाताचा ब्रेक दाबून. एकटा असताना जमेलच, पण मित्र बाजूला उभे राहून ओरडत असताना जमतंय का ते बघा, कारण गाडीवर बसल्यावर तसंच वातावरण असणारे. ‘थांब’ म्हटल्यावर थांबतो का हे पण बघा, काही पोरं ऐकतात, काही तुमच्याकडे बघून हसत पुढे जातात, दुसऱ्या प्रकारच्या पोराला अजून सहा महिने सायकलच द्या, काही बिघडत नाही.

मग माप घ्या. बूट घालून भिंतीला पाठ लावून उभा करायचा, दोन मांड्यांमध्ये एक जाड वही आडवी वर सरकवायची आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. ही उंची सीटच्या उंचीपेक्षा थोडी जास्त पाहिजे म्हणजे बसल्यावर दोन्ही पाय नीट टेकतात आणि गुडघे जरा वाकलेले राहतात. उदाहरणादाखल, यामाहाची पीडब्ल्यू ५० ही १९८१ पासून जगभर पोरांना शिकवणारी गाडी, तिची सीट जमिनीपासून ४७५ मिलिमीटर आणि वजन ४१ किलोच्या आसपास. होंडाची सीआरएफ ५० एफ जरा मोठ्या पोराची, सीट ५४८ मिलिमीटर आणि वजन ५० किलो. आता सहा वर्षांचं पोर साधारण २० किलोचं असतं, म्हणजे ही छोटी पीडब्ल्यू ५० सुद्धा त्याच्या दुप्पट वजनाची झाली, त्यामुळे ‘लहानच आहे की’ हे आपल्या डोळ्यांना दिसतं, त्याच्या हातांना नाही.

म्हणून चार-पाच वर्षांच्यासाठी माझं मत इलेक्ट्रिककडे झुकतं. स्टेसिकसारख्या बॅलन्स बाईक (पेडल नसलेल्या) असतात, १२ इंची चाकाची जेमतेम आठ-नऊ किलोची, बॅटरी बंद ठेवून आधी नुसती पायाने ढकलत फिरवायची आणि तोल आला की मग मोटर. आपल्याकडे हिरोच्या विडा या इलेक्ट्रिक ब्रँडने २०२५ मध्ये डर्ट.ई के३ आणली, तिची उंची पोराबरोबर वाढवता येते आणि स्पीडचे टप्पे पालकांना ठरवता येतात, ही दुसरी गोष्ट खरी कामाची. इलेक्ट्रिकमध्ये सायलेन्सरचा चटका नाही, किक नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही. एक मात्र आहे, आवाज नसल्यामुळे गाडी चालू आहे हे पोर विसरतं आणि ढकलत नेताना चुकून मूठ पिळली जाते, म्हणून उतरलं की आधी स्विच बंद ही सवय पहिल्या दिवसापासून.

केटीएमने २०२४ मध्ये ५० एसएक्स भारतात आणली, दिसायला एक नंबर, पण ती रेसची गाडी आहे आणि किंमत चार लाखांच्या पुढे. ५० आकडा बघून फसू नका. शिकाऊ ५० सीसी आणि रेसच्या ५० सीसी मध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, रेसची मूठ जरा पिळली की पुढचं चाक उचलतं.

आता बाजारात सगळ्यात जास्त जे दिसतं ते, दोरी ओढून चालू होणारे चिनी ४९ सीसी टू-स्ट्रोक, वेगवेगळे स्टिकर लावलेले. सगळेच टाकाऊ नसतात पण घ्यायचंच असेल तर समोर उभं राहून तपासा, फोटोवर घेऊ नका. गाडी स्टँडवर किंवा विटेवर उचलून मागचं चाक हवेत ठेवा, चालू करा, मूठ सोडून द्या, चाक थांबलेलं राहायला पाहिजे किंवा हाताने सहज थांबायला पाहिजे, जोरात फिरत असेल तर ती गाडी मूठ न पिळता पण पुढे सरकणार. मग इंजिन बंद करून हँडल पूर्ण डावीकडे वळवा, मूठ पिळून सोडा, टक्कन मागे आली पाहिजे, पूर्ण उजवीकडे वळवून परत तेच, बऱ्याच स्वस्त गाड्यांमध्ये केबल एका बाजूला ओढली जाते आणि वळताना रेस (इंजिनचा जोर) आपोआप वाढते. मोठ्या माणसाला ते कळतं, पोर घाबरून मूठ अजून घट्ट धरतं. मग चेन बघा, पुढच्या दातेरी चक्रावर झाकण आहे का, नसेल तर बोट आणि बुटाची नाडी दोन्ही तिथेच जातात. सायलेन्सर पोराच्या पोटरीला लागेल असा आहे का, जाळी आहे का. हँडलच्या टोकांना रबरी बोंडं आहेत का, उघडा पाईप पोटात घुसतो.

ब्रेकचा लीव्हर तर पोराला बसवूनच बघायचा. दोन बोटांचं पहिलं पेर लीव्हरवर यायला पाहिजे, मूठ न सोडता. नसेल येत तर लीव्हरजवळ बारीक स्क्रू असतो तो आत घेऊन लीव्हर जवळ करता येतो, स्क्रूच नसेल तर ती गाडी त्याच्या हाताची नाही. रेसवर मर्यादा घालणारा स्क्रू आहे का ते पण विचारा, पीडब्ल्यू ५० ला मुठीपाशीच असतो, तो आत फिरवला की मूठ अर्ध्याच्या पुढे पिळलीच जात नाही. आणि मनगटाला बांधायची दोरीवाली किल स्विच, पोर पडलं की दोरी सुटते आणि इंजिन बंद. नसेल तर मेकॅनिककडून बसवून घ्या, फार खर्चाचं काम नाही, आणि बसवल्यावर दोरी ओढून खरंच बंद होते का ते दर वेळी बघा.

चार चाकी एटीव्हीबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण घरचे सगळे तिकडेच झुकतात, ‘चार चाकं आहेत, पडणार नाही’. उलट आहे. दोन चाकी पडते तेव्हा पोर बहुतेक वेळा बाजूला पडतं, एटीव्ही उलटते ती अंगावर येते, आणि पोरांची एटीव्ही पण चांगली जड असते. शिवाय ती वळताना सायकलसारखी कलत नाही, चालवणाऱ्याने स्वतःचं अंग आतल्या बाजूला टाकावं लागतं, २० किलोच्या पोराच्या अंगाने तिला काय फरक पडणार. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची अकादमी तर १६ वर्षांखाली एटीव्ही नकोच म्हणते. तिथला एक किस्सा मला फार बोलका वाटतो: २००८ मध्ये त्यांनी लहान मुलांच्या वस्तूंमधल्या शिशावर (विषारी धातू) कायदा केला आणि त्यात पोरांच्या डर्ट बाईक आणि एटीव्ही पण अडकल्या, दुकानातून गायब व्हायला लागल्या. मग तिथल्या सुरक्षा आयोगानेच कारवाई थांबवली, कारण छोट्या गाड्या मिळाल्या नाहीत तर पोरं मोठ्यांच्या गाड्यांवर बसतील आणि तो धोका शिशापेक्षा मोठा, आणि २०११ मध्ये या गाड्यांना त्या कायद्यातून सूट मिळाली. म्हणजे मापाची गाडी ही गोष्ट किती वरची आहे बघा. तरी घरी एटीव्हीच ठरली असेल तर वय ६ चा शिक्का असलेलीच घ्या, ६ वर्षांच्याला १० वाली नको, आणि मागे दुसरं पोर बसवायचं नाही, फोटोपुरतं पण नाही.

कायद्याचं कोणी मनावर घेत नाही म्हणून सांगतो. रस्त्यावर अजिबात नाही, गावातला रस्ता असो की शेताकडे जाणारा डांबरी तुकडा असो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आलंय, अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, आणि त्या पोराला २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. ‘इलेक्ट्रिकला लायसन्स लागत नाही’ हे पण अर्धवट आहे, ती सूट २५० वॅटच्या आतल्या आणि २५ च्या स्पीडच्या आतल्या गाडीला आहे, पोरांच्या बऱ्याच डर्ट बाईकची मोटर त्याच्या वर जाते. सोसायटीचं पार्किंग पण नको, तिथे रिव्हर्स घेणारी गाडी कधी येईल सांगता येत नाही.

मग चालवायची कुठे, तर स्वतःचं किंवा ओळखीतलं रान, आणि ते आधी स्वतः पायी फिरून बघायचं. मुरमाड सपाट जागा सगळ्यात बरी, काळ्या मातीत पावसाळ्यात चाक भरतं आणि उन्हाळ्यात ढेकळं होतात. पायी फिरताना हे शोधा: कठडा नसलेली विहीर, शेततळं (त्याच्या प्लास्टिकवरून मोठ्या माणसाला पण वर येता येत नाही), पोराच्या मानेच्या उंचीला असलेली कुंपणाची तार, ठिबकच्या नळ्या, गवतात लपलेला दगडी बांध. विहीर किंवा शेततळं असेल तर त्या बाजूला चालवायचंच नाही, नुसतं ‘तिकडे जाऊ नको’ सांगून चालत नाही, मध्ये ट्रॅक्टर किंवा बैलगाडी आडवी लावा. तारेला लाल कापडाचे तुकडे बांधा, लांबून दिसतात. कुत्री बांधून ठेवा. आणि कोकणात समुद्रावर नेऊन सोडायचा मोह होतो, पण वाळूवर माणसं असतात, बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी घातली तर पोलीस कारवाई करतात, वेळास-आंजर्ल्याकडे तर थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत वाळूत कासवांची अंडी असतात.

अंगावरचं सामान गाडीच्या बजेटमधूनच बाजूला काढा, उरलेल्या पैशातून नाही. हेल्मेट हनुवटी झाकणारं, आयएस ४१५१ (हेल्मेटचं भारतीय मानक) चा खरा मार्क असलेलं, सायकलचं नाही आणि जत्रेतलं तर नाहीच. भुवईच्या वर बोटभर टेप गुंडाळून डोक्याचं माप घ्या. घातल्यावर हनुवटीची पट्टी धरून डावी-उजवीकडे हलवा, गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे, नुसतं हेल्मेट फिरलं तर मोठं आहे. जड हेल्मेट पण नको, लहान मान असते. गॉगल, हातमोजे, कोपर आणि गुडघ्याचे गार्ड, छातीचं कवच, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट. क्रिकेटचे पॅड चालतील का असं बरेच जण विचारतात, नाही चालत, त्यात गुडघा नीट वाकत नाही आणि पट्टे लोंबतात. नाड्या बुटात खोचायच्या. मे महिन्यात हे सगळं घालून दुपारी उभं पण राहवत नाही, तर सकाळी लवकर, आणि मध्ये मध्ये हेल्मेट काढून पाणी.

पेट्रोल टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं असतं, ४० ला १ लिहिलं असेल तर लिटरला २५ मिली, अंदाजाने नाही, औषधाच्या मापाने. (पीडब्ल्यू ५० ला ऑईलची टाकी वेगळी असते, तिथे हा खटाटोप नाही.) पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) असतं, ते महिनोन् महिने टाकीत ठेवलं की कार्बोरेटर चोक होतो, सुट्टी संपली की टाकी रिकामी करून ठेवा. घ्यायच्या आधी आपल्या नेहमीच्या मेकॅनिकला विचारा की याचे ब्रेक शू, केबल, टायर मिळतील का, तो हसला तर दुसरी गाडी बघा.

गाडी आली की पहिल्या दिवशी चालू करायची नाही. बंद गाडीवर बसवून तुम्ही ढकला, तो ब्रेक दाबेल, परत ढकला, परत ब्रेक, कंटाळा येईपर्यंत. मग चालू करून, रेसचा स्क्रू पूर्ण आत, तीच चुन्याची रेघ. तुम्ही बाजूने चालत राहा, पण हँडलला हात लावू नका, त्याने पोर गोंधळतं आणि मूठ पिळली जाते, धरायचंच तर मागून जॅकेट धरा. रेस वाढवायची ती तो मागतो म्हणून नाही, रेघेवर दर वेळी थांबतोय म्हणून.

आणि किल्ली तुमच्या खिशात. दिवाळीच्या सुट्टीत मामेभाऊ-आतेभाऊ येतात, एकाच्या मापाची गाडी आणि एकाच्या मापाचं हेल्मेट सगळ्यांना एकेक राऊंड म्हणून फिरतं, आजी पण म्हणते दे की रे त्याला पण, एवढंसं तोंड करून बसलाय. तेव्हा आधीच सगळ्यांसमोर ठरवून टाका की ज्याच्या डोक्याचं हेल्मेट त्याचीच गाडी, बाकीच्यांना बंद गाडीवर बसून फोटो.